बुद्धमूर्तीपुढचे फूल

दिवेलागणीची वेळ झाली की, महाराष्ट्रातील असंख्य बौद्ध घरांत मेणबत्ती पेटते. भिंतीवरच्या फळीवर किंवा पांढरे वस्त्र अंथरलेल्या मेजावर भगवान बुद्धांची मूर्ती, शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा, पुढ्यात फुले आणि अगरबत्ती. शेजारच्या घरातील देव्हाऱ्याशी हे दृश्य इतके मिळतेजुळते असते की, 'मग फरक तो काय उरला?' असे पाहुणा सहज विचारून जातो. घरातील तरुण मुलेही तेच विचारतात, आणि त्यांचे समाधान करणे अधिक कठीण असते.

प्रश्न टाळण्याजोगा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, श्राद्धपक्ष वा पिंडदान करणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. देव नाकारणाऱ्याने मूर्तीपुढे फूल ठेवावे, ही विसंगती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती आणि 'बौद्ध पूजापाठ' ही पुस्तिकाही सिद्ध केली होती. तेव्हा मूर्ती असावी की नसावी, हा वाद त्यांच्यापुरता तरी निकालात निघालेला होता. मूर्तीपुढे उभे राहून मनात काय आणावे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर पूजाविधीतील पाली गाथांत सापडते. फुलांच्या गाथेचा आशय असा की, रंगगंधाने युक्त असलेले हे फूल जसे कोमेजून जाते, तसाच हा देहही नाशाकडे जात आहे. फुलाचे कोमेजणे हाच या पूजेचा गाभा आहे. त्यामुळे कधीही न सुकणारी प्लॅस्टिकची फुले सोयीची असली तरी गाथेतील अर्थ हिरावून घेतात, हे ध्यानी घेतलेले बरे. दीपाच्या गाथेत अंधार नाहीसा करणारा दिवा त्रिलोकाचा दीप असलेल्या बुद्धांना अर्पण केला जातो. मागणे आहे ते मुक्तीचे. नोकरी, अपत्य वा परीक्षेतील यश यांसाठी नवस बोलण्यास तेथे जागा नाही.

बौद्ध परंपरेने आमिष पूजा आणि प्रतिपत्ती पूजा असा भेद केला आहे. पहिली वस्तूंनी होते, दुसरी आचरणाने. महापरिनिब्बान सुत्तातील प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. कुशीनगरच्या शालवनात अंतिम शय्येवरील तथागतांवर अकाली बहरलेल्या वृक्षांची फुले गळू लागली. तेव्हा, खरा सन्मान अशा फुलांनी होत नाही, जो धम्मानुसार वागतो तोच तथागताची पूजा करतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी आनंदापाशी काढले. तरीही फुले वाहण्याची रीत थांबली नाही, हेही खरे.

देशोदेशी या अर्पणाची रूपे निराळी आहेत. तिबेटी घरांत रोज सकाळी पाण्याची सात पात्रे मांडतात. पाणी गरिबालाही परवडते आणि ते देताना मन गुंतत नाही, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. भिक्खू माध्यान्हीनंतर भोजन करीत नाहीत, म्हणून श्रीलंकेत अन्न अर्पण दुपारपूर्वीच होते. जपानमध्ये घरातील 'बुत्सुदान'पुढे भात ठेवून पूर्वजांचेही स्मरण करतात. महाराष्ट्रात नैवेद्याची चाल एकंदर नाही; नारळ फोडणे, हळदकुंकू वाहणेही नाही. बुद्धपौर्णिमेला मात्र सुजाताच्या स्मरणार्थ खीर वाटली जाते.

नाजूक मुद्दा आहे तो बाबासाहेबांच्या प्रतिमेचा. कृतज्ञतेने वाहिलेला हार आणि दैवतीकरण यांतील सीमारेषा पुसट आहे. राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे नेते, असा इशारा त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. अनेक घरांत यावर साधा मार्ग काढलेला दिसतो : शरण त्रिरत्नांना, अभिवादन बाबासाहेबांना.

विधीला वेळ फारसा लागत नाही. हातपाय धुऊन मेणबत्ती व अगरबत्ती लावावी, फुले ठेवावीत, पंचांग प्रणाम करून त्रिशरण, पंचशील आणि बुद्ध, धम्म, संघ वंदना म्हणावी, शेवटी 'साधु' असे तीनदा म्हणावे. लहान खोलीत पडद्याजवळ मेणबत्ती जळती ठेवून बाहेर जाऊ नये. सुकलेली फुले दुसऱ्या दिवशी काढून कुंडीतल्या मातीत मिसळली तरी चालतात.