टीव्हीच्या पाठीमागची डबी

आजचा स्मार्ट टीव्ही म्हणजे एकाच चौकटीत बसवलेल्या दोन वस्तू असतात, एक पडदा आणि त्या पडद्यामागचा छोटा संगणक. या दोहोंचे आयुष्य सारखे नसते, ही गोष्ट मात्र दुकानात सहसा कोणी सांगत नाही. पडदा नीट वापरला तर आठ-दहा वर्षे सहज चालतो, पण त्यामागचा संगणक चार-पाच वर्षांतच मंदावतो, त्याच्या प्रणालीला नव्या आवृत्त्या मिळेनाशा होतात आणि एके दिवशी एखादे अ‍ॅप त्यावर उघडेनासे होते. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१०-११च्या काही टीव्हींवरील आणि रोकू कंपनीच्या काही जुन्या उपकरणांवरील आपली सेवा बंद केली, तेव्हा त्या टीव्हींचे पडदे ठणठणीत होते. इंटरनेटवरील चित्रपट-मालिका टीव्हीवर आणणाऱ्या ज्या स्वतंत्र उपकरणाला बाजारात ‘स्टिक’ किंवा ‘बॉक्स’ म्हणतात, त्याच्या निवडीचा विचार या विसंगतीपासूनच सुरू करणे योग्य ठरते, कारण ही छोटी डबी म्हणजे जुन्या पडद्याला जोडता येणारा आणि पडद्याला धक्का न लावता बदलता येणारा नवा संगणक असतो.

ही डबी नेमके काय करते, हे समजले की तिच्या खोक्यावरील निम्मी जाहिरात आपोआप निरर्थक ठरते. स्ट्रीमिंगमध्ये अख्खा चित्रपट आधी उतरवून घेतला जात नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकड्याच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, आणि त्या-त्या क्षणी इंटरनेटचा वेग किती मिळतो आहे हे पाहून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतून मागवायचा हे उपकरण ठरवते. संध्याकाळी सगळी इमारत एकाच वेळी पडद्यासमोर बसली की चित्र मध्येच धूसर होते आणि थोड्या वेळाने पुन्हा स्वच्छ होते, ते यामुळेच. मागवलेला तुकडा कुलूपबंद आणि घडी घातलेला असतो. घडी घालण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. २००३ मधील एच.२६४, २०१३ मधील एचईव्हीसी आणि २०१८ मधील एव्ही१ या तिच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या असून प्रत्येक नवी पिढी तेच चित्र कमी डेटात बसवते. ही घडी झपाट्याने उलगडणारी सोय मूळ चिपमध्येच असावी लागते आणि ती नंतर बसवता येत नाही, म्हणून नवे उपकरण घेताना त्यात एव्ही१ आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारण्याजोगे आहे.

तांत्रिक गुणांइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि तो म्हणजे डबी बनवणारी कंपनी स्वतः चित्रपटांचे दुकान चालवते का. या धंद्याच्या आरंभीच तो उपस्थित झाला होता. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले तेव्हा स्वतःची पेटी जवळजवळ तयार केली होती, पण आपणच पेटी विकू लागलो तर इतर उत्पादक आपली सेवा त्यांच्या उपकरणांवर घेणार नाहीत, या विचाराने तो बेत सोडून देण्यात आला आणि तीच पेटी २००८ मध्ये रोकूच्या नावाने अमेरिकेच्या बाजारात आली. पुढे अ‍ॅमेझॉन आणि गुगल या दोन्ही कंपन्या उपकरणे विकणाऱ्याही झाल्या आणि चित्रे दाखवणाऱ्याही, तेव्हा ती भीती खरी ठरली. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून गुगलच्या क्रोमकास्टची विक्री थांबवली. गुगलने २०१८ उजाडताच अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीवरून यूट्यूब काढून घेतले. आणि दोघांचा समेट होऊन फायर टीव्हीवर यूट्यूब आणि क्रोमकास्टवर प्राइम व्हिडिओ दिसू लागायला जुलै २०१९ उजाडावा लागला. मधल्या दीड वर्षात फायर टीव्ही घेतलेल्या ग्राहकाचा या भांडणाशी काहीही संबंध नव्हता, तरी यूट्यूबसाठी त्याला ब्राउझरच्या आडवाटेने जावे लागत होते. आज प्रमुख सेवा जवळजवळ सर्व नामांकित उपकरणांवर मिळतात, परंतु डबी सुरू केल्यावर पहिल्या पानावर कोणाचे चित्रपट पुढे सरकवले जातात, ते पाहिले तर ती डबी कोणाच्या दुकानाचा दरवाजा आहे हे लगेच कळते. भारतीय स्पर्धा आयोगासमोरही याच प्रकारचे प्रकरण आले होते. टीव्ही उत्पादकांना प्ले स्टोअरसोबत गुगलच्या इतर अ‍ॅप्सचा संचही घ्यावा लागतो, या तक्रारीवर एप्रिल २०२५ मध्ये तडजोडीचा आदेश झाला आणि गुगलने २०.२४ कोटी रुपये भरण्याचे मान्य केले.

उपकरणांचे मुख्य प्रकार दोन. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबर २०१४ मध्ये भारतात २,९९९ रुपयांना आलेल्या मूळ क्रोमकास्टला स्वतःचा रिमोट नव्हता. मोबाइलवर चित्रपट निवडायचा आणि तो टीव्हीकडे धाडायचा, या पद्धतीला ‘कास्टिंग’ म्हणतात. एप्रिल २०१७ मध्ये भारतात आलेली फायर टीव्ही स्टिक, गुगल टीव्हीवर चालणाऱ्या डब्या आणि अ‍ॅपलची महागडी पेटी हे दुसऱ्या प्रकारातले. त्यांना रिमोट असतो, अ‍ॅप्स त्यांच्यातच बसवलेली असतात आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला असला तरी त्यांचे काम अडत नाही. ज्या घरात दुपारी आजी-आजोबा एकटे टीव्ही पाहतात, तिथे रिमोट नसलेले उपकरण आणणे म्हणजे सूनबाईला कचेरीत फोन येण्याची सोय करणे होय. क्रोमकास्टचे उत्पादन ऑगस्ट २०२४ मध्ये थांबले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये जगभरातील दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे एकाएकी चालेनाशी झाली, कारण आपण अस्सल आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्या उपकरणांत साठवलेल्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली होती. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. मात्र वरून धडधाकट दिसणारी डबी शेवटी कंपनीच्या देखभालीवर जगते, हे त्या प्रसंगात उघड झाले, आणि म्हणूनच पूर्वीच्या उपकरणांना नव्या आवृत्त्या किती वर्षे पुरवल्या, हा कंपनीचा इतिहास खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा अधिक पाहण्यासारखा असतो.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आणि ऑनलाइन दुकानांत अनोळखी नावांचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स सर्रास मिळतात. त्यांच्यावर ‘४के’ असे ठळक छापलेले असते, मेमरीचे आकडे नामांकित डब्यांना लाजवतील असे असतात आणि किंमत मात्र निम्मी असते. मग खोट कुठे असते? चित्रपटाच्या प्रत्येक तुकड्याला असलेले कुलूप हे त्याचे उत्तर आहे. हे कुलूप चिपमधील सुरक्षित कप्प्यात उघडले जाते की साध्या सॉफ्टवेअरमध्ये, यावरून गुगलची वाइडवाइन ही पद्धत उपकरणांचे स्तर ठरवते. पहिला स्तर, म्हणजे ‘एल१’, असेल तरच सशुल्क सेवा उच्च दर्जाची प्रत पाठवतात आणि ‘एल३’ असलेल्या डबीला बहुधा ४८० रेषांच्या आसपासचे, जुन्या डीव्हीडीच्या तोडीचे चित्र मिळते. अशा स्वस्त बॉक्समध्ये पुष्कळदा टीव्हीसाठीची प्रणाली नसतेच. त्यात मोबाइलचे अँड्रॉइड घातलेले असते, नेटफ्लिक्सचे अ‍ॅपही मोबाइलचेच चालते, आणि रिमोटने बाणाचा ठिपका पडद्यावर सरकवत बसावे लागते. उत्तम पडद्यावर ४८० रेषांचे चित्र ताणून पाहण्यासाठी दिलेले पैसे स्वस्त म्हणावेत काय, हा प्रश्नच आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढची. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला आणि जुलैमध्ये गुगलने ते चालवणाऱ्यांविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, ज्यात एक कोटीहून अधिक अप्रमाणित अँड्रॉइड उपकरणे या जाळ्यात सापडल्याचे नमूद होते. काही उपकरणांत घातक सॉफ्टवेअर विक्रीपूर्वीच भरलेले असते, तर काहींत ते सुरुवातीला कराव्या लागणाऱ्या अ‍ॅपच्या डाउनलोडसोबत शिरते. मग मालक मालिका पाहत असताना त्याच्या घरच्या इंटरनेट जोडणीवरून तिऱ्हाइताची वाहतूक चालू राहते, आणि त्या वाहतुकीत गुन्हा घडला तर माग काढणाऱ्याला पहिला पत्ता त्या घराचा लागतो. ‘सगळे ओटीटी आयुष्यभर फुकट’ असे सांगून विकले जाणारे बॉक्स याच कारणासाठी घरात आणू नयेत. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांवर आणि त्यांच्या अ‍ॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. त्याने घातक सॉफ्टवेअर कळत नाही, पण निनावी माल बराचसा चाळला जातो.

‘४के’ या शब्दाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ४के म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट. नेटफ्लिक्स या दर्जासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेग सुचवते. आठ बिटांचा एक बाइट धरला तर तासाला पावणेसात जीबी होतात, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्याचा रोजचा २ जीबीचा पॅक जेमतेम अठरा मिनिटांत संपतो. फुल एचडीसाठी सुचवलेल्या ५ मेगाबिटांवरही तो तासभर पुरत नाही. फायबरची जोडणी असलेल्यांना ही चिंता नसते, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या वर्गणीतच ४के नसते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर कमी केले तेव्हा १४९ रुपयांची योजना फक्त मोबाइल-टॅबलेटपुरती होती, ती टीव्हीवर चालतच नव्हती, आणि ४के चित्र केवळ ६४९ रुपयांच्या योजनेत होते. पडदा, डबी, वर्गणी आणि जोडणी या चारही गोष्टींनी ४के पेलले तरच ते दिसते. म्हणून ज्या घरात पडदा फुल एचडीचा आहे, तिथे ४के स्टिकसाठी जादा पैसे केवळ तिच्या वेगवान चिपकरिता आणि जास्त मेमरीकरिता द्यावेत. ते कारण मात्र पुरेसे आहे, कारण एक जीबी मेमरीच्या डब्या अ‍ॅप बदलताना अडखळतात आणि दोन वर्षांत हा संथपणा असह्य होतो.

इंटरनेट सेवा किंवा डिश पुरवणाऱ्या कंपन्यांचे बॉक्सही असतात, ज्यांत वाहिन्या आणि ओटीटी एकत्र मिळतात. एका रिमोटवर काम भागते हा त्यांचा फायदा आणि कंपनी बदलली की बॉक्स निरुपयोगी होतो हा तोटा. परदेशातील मराठी कुटुंबांनी एवढे ध्यानात ठेवावे की कोणता चित्रपट दिसणार, हे डबी कुठे विकत घेतली यापेक्षा खाते आणि जोडणी कोणत्या देशातली आहे यावर ठरते. पुण्याहून नेलेली स्टिक न्यू जर्सीत पुण्याचा संग्रह दाखवत नाही.

घरी आणल्यावर ‘स्टिक खराब निघाली’ अशी जी तक्रार होते, तिचे मूळ पुष्कळदा भिंतीत किंवा वायरीत असते. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून लांबवर पोचते, परंतु तिच्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच असल्याने गृहसंकुलात शेजाऱ्यांच्या राउटरांची तिथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झवर वेग भरपूर मिळतो, पण ती भिंतीत लवकर विरते. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांत हा फरक ठळकपणे जाणवतो. अशा घरात राउटर टीव्हीच्या खोलीत हलवणे किंवा डबीला सरळ केबल लावणे, हा महागडी डबी घेण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. शिवाय स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून बसली की टीव्हीचे धातूचे अंगच तिची लहर अडवते; अनेक स्टिकच्या खोक्यात येणारा बोटभर लांबीचा एचडीएमआय तुकडा तिला त्या पाठीपासून बाजूला काढण्यासाठी दिलेला असतो, आणि बहुतेक घरांत तो खोक्यातच राहतो.

चोखंदळ प्रेक्षकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि डबी सहसा ६० चौकटींनी चित्र पाठवते, तेव्हा एक चौकट दोनदा, पुढची तीनदा असे दाखवावे लागते, आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरताना दृश्य किंचित ठेचकाळते. काही उपकरणांत मूळ चौकटसंख्या जुळवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती बहुधा बंद असते, ती चालू करावी.

एकंदरीत, एचडीएमआयची खोबण असलेला आणि पडदा शाबूत असलेला टीव्ही केवळ संथ झाला म्हणून बदलण्याचे कारण नाही. बहुतेक मराठी घरांना नामांकित कंपनीची, रिमोट असलेली, दोन जीबी मेमरीची डबी पुरते. अ‍ॅपलच्या पेटीचा खर्च आयफोनच्या संसारात आधीच रमलेल्यांनाच मानवतो. स्टिक लावताना मात्र वीज टीव्हीच्या यूएसबी खोबणीतून घेऊ नये, कारण जुन्या टीव्हींत तिथे अर्धा अँपिअरच मिळतो, स्टिकला साधारण एक लागतो, आणि वीज कमी पडली की ती मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. खोक्यात आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावावा.