दारे लावलेल्या बँका : अमेरिका, १८९३

सन १८९३ च्या जून महिन्याची २६ तारीख, सोमवार. त्या दिवशी सिमल्यास हिंदुस्थान सरकारने एक लहानसा कायदा मंजूर केला. तोपर्यंत मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत कोणासही आपली चांदी नेऊन, ठरीव आकार देऊन, तिचे रुपये पाडून घेता येत असत; त्या दिवसापासून ती मुभा बंद झाली. रुपयाचा भाव विलायतेत घसरत चालला होता, तिकडे भरावयाच्या रकमा मात्र पौंडांत द्याव्या लागत, आणि सरकारी जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना; म्हणून लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या सल्ल्याने हा उपाय योजिला गेला. आपल्याकडे घरोघरी असलेल्या चांदीच्या वाळ्यातोड्यांचे मोल त्या एका कायद्याने उतरले, ही गोष्ट निराळी. आज मला सांगावयाचे आहे ते हे, की ह्याच कायद्याचा धक्का हजारो मैल दूर असलेल्या अमेरिकेतील डेन्व्हर शहरास बसला, आणि बरोबर तीन आठवड्यांनी, १७ जुलैच्या सोमवारी, तेथील बँकांच्या दारांशी माणसांची रीघ लागली. तीन दिवसांत डेन्व्हरातील बारा बँका बंद पडल्या.

असे का व्हावे? त्यासाठी आधी बँक म्हणजे काय, ह्याचा थोडा विचार केला पाहिजे. बँक म्हणजे लोकांचे पैसे सांभाळणारी तिजोरी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. त्या काळी अमेरिकेत मध्यवर्ती सरकारच्या सनदेने चालणाऱ्या पेढ्यांस ‘राष्ट्रीय बँक’ म्हणत. नाव राष्ट्रीय असले तरी मालकी खाजगी भागीदारांचीच असे. समजा, एखाद्या गावच्या अशा बँकेत लोकांनी मिळून १,००,००० डॉलर ठेविले आहेत. कायद्याप्रमाणे तिने १५,००० डॉलरांची गंगाजळी राखली पाहिजे. परंतु त्यांपैकी तीनपंचमांश, म्हणजे ९,००० डॉलर, तिने मोठ्या शहरातील बँकेत ठेव म्हणून ठेविले तरी कायद्याची हरकत नव्हती. त्या ठेवीवर व्याज मिळे. तेव्हा ते सोडणार कोण? मग बँकेच्या स्वतःच्या तिजोरीत उरले किती? अवघे ६,०००. बाकीचा पैसा शेतकऱ्याच्या कर्जात, दुकानदाराच्या हुंडीत, खाणवाल्याच्या यंत्रसामग्रीत गुंतलेला. तो बुडालेला नाही. मात्र आज दुपारी परत येणाराही नाही.

शंभर ठेवीदारांपैकी रोज दोघे पैसे काढतात आणि दोघे भरतात, तोपर्यंत सारे सुरळीत चालते. एके दिवशी सहाजण एकदम सारी ठेव मागावयास आले, तर सातव्यासाठी काही शिल्लक उरत नाही. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. बँकेची मूठ ही अशीच असते. ती लबाडीने झाकलेली असते असे नव्हे. झाकलेली राहिली तरच तिच्यातून कर्जे निघतात, कारखाने चालतात, आणि ठेवीदारास व्याज मिळते. पण सर्वांनी मिळून ती एकदम उघडावयाची म्हटली, की चांगली बँकसुद्धा रिकामी दिसते.

अमेरिकेची रचना अशी होती, की तेथे ही मूठ उघडण्याचा प्रसंग वारंवार येई. तेथे शाखांचे जाळे पसरलेल्या बँका क्वचितच. गावोगावच्या हजारो सुट्या पेढ्या. त्यांची गंगाजळी मोठ्या शहरांत, आणि त्या शहरांतील बँकांची बरीचशी न्यूयॉर्कमध्ये. म्हणजे एकाच पाण्याचे अनेक घरी रांजण भरल्याचे हिशेब लिहावे, तसा प्रकार. आणि अडचणीच्या वेळी चांगले तारण घेऊन रोकड पुरवील अशी मध्यवर्ती बँक त्या देशात नव्हतीच. इंग्लंडात हे काम बँक ऑफ इंग्लंड करीत असे. अमेरिकेत प्रत्येक पेढी आपापल्या नशिबावर सोडलेली होती.

त्यात भर पडली चांदीच्या वादाची. सन १८९० च्या शर्मन कायद्याने अमेरिकन सरकार दरमहा ४५ लक्ष औंस चांदी विकत घेई आणि त्याबद्दल नोटा देई. ह्या नोटा आणून लोक सरकारी खजिन्यातून सोने नेऊ लागले. खजिन्यात निदान १० कोटी डॉलरांचे सोने असावे असा संकेत होता; एप्रिल १८९३ मध्ये साठा त्याच्याही खाली उतरला. आपला डॉलर उद्या सोन्याचा राहणार की चांदीचा, हा संशय व्यापाऱ्यांच्या मनात शिरला. फेब्रुवारीत फिलाडेल्फिया अँड रीडिंग ही मोठी रेल्वे कंपनी बसली होती. मे महिन्याच्या आरंभी दोरखंडाचा मक्ता करू पाहणारी नॅशनल कॉर्डेज कंपनी कोसळली आणि शेअरबाजारात एकच हाहाकार उडाला. शिकागोस तेव्हा जागतिक प्रदर्शन नुकतेच उघडले होते. ज्या बँकेची शाखा त्या प्रदर्शनाच्या आवारात होती, त्या केमिकल नॅशनल बँकेनेच मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दारे लावली. प्रदर्शनाच्या रोषणाईस असा हा अपशकुन झाला.

तेव्हा अमेरिकेतील संकट हिंदुस्थान सरकारने उत्पन्न केले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. आग आधीच लागली होती. सिमल्याहून आलेल्या तारेने ती पश्चिमेकडील चांदीच्या मुलखात नेली. हिंदुस्थान हा चांदीचा मोठा गिऱ्हाईक. तो टांकसाळीचे दार लावतो असे कळताच औंसास ८३ सेंटांच्या आसपास असलेला भाव चारपाच दिवसांत ६२ सेंटांपर्यंत आला. लेडव्हिल, ॲस्पेन इत्यादी ठिकाणच्या खाणी व भट्ट्या बंद पडू लागल्या. मजुरी तुटलेले खाणकामगार डोंगर उतरून डेन्व्हरास येऊ लागले; पुढे त्यांच्यासाठी नदीकाठी तंबू ठोकावे लागले. ज्या बँकांनी खाणींवर आणि खाणींच्या जिवावर वाढलेल्या शहरातील जमिनींवर कर्जे दिली होती, त्यांची कर्जे आता कोण फेडणार, हा प्रश्न प्रत्येक ठेवीदाराच्या मनात उभा राहिला.

श्रोतेहो, अशा वेळी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांस आपण भित्रे म्हणतो. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून हसतो. परंतु क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पाहा. एखाद्या शिवणकाम करणाऱ्या विधवेचे दोनशे डॉलर बँकेत आहेत. बँक चांगली की वाईट, हे तिला कळण्यास मार्ग नाही. ती चांगली असून मी आज पैसे काढले, तर माझे थोडे व्याज बुडेल. ती वाईट असून मी आज घरी बसले, तर माझे सर्वस्व बुडेल. शिवाय, बँक चांगली आहे असे मला कळले तरी उपयोग काय? शेजाऱ्यांस ते कळले नाही आणि ते आधी गेले, तर चांगली बँकही माझ्यापुरती रिकामीच. तेव्हा शहाण्या बाईने पहाटे उठून रांगेत जावे, हाच निर्णय बरोबर ठरतो. प्रत्येकाचे शहाणपण मिळून सर्वांचा नाश होतो, हे ह्या प्रसंगातील खरे दुःख आहे. उपदेशाने ते टळत नाही. कारण येथे अक्कल कमी पडलेली नसून आधार कमी पडलेला असतो.

रांग आवरेना, की बँक दारावर पाटी लाविते : देणे तहकूब. ह्या तहकुबीस लोक सरसकट दिवाळे समजतात. ही समजूत किती चुकीची आहे, ते त्या वर्षीचे सरकारी आकडेच सांगतात. ३१ ऑक्टोबर १८९३ रोजी संपलेल्या वर्षात १५८ राष्ट्रीय बँकांनी व्यवहार तहकूब केले. त्यांपैकी ६५ बँका खरोखरीच बुडाल्या व रिसीव्हरांच्या ताब्यात गेल्या. सातांची तपासणी चालू होती. आणि ८६ बँका पुन्हा उघडल्या. म्हणजे दार लावणाऱ्या बँकांपैकी निम्म्याहून अधिक बँका मेलेल्या नव्हत्या, त्यांचा श्वास कोंडला होता. खाजगी पेढ्या, प्रांतिक सनदेच्या बँका व बचत बँका धरल्या, तर त्या वर्षीच्या बंद पडलेल्या बँकांची संख्या पाचशेच्या आसपास जाते. त्यांतील बहुतेक पश्चिमेकडील व दक्षिणेकडील होत्या.

तर मग तहकुबी ही चांगलीच म्हणावयाची काय? बँकेच्या दृष्टीने ती औषध आहे. तिला कर्जे वसूल करण्यास वेळ मिळतो. पण तो वेळ फुकट येत नाही. त्याची किंमत कोणी दिली, हे ऑगस्ट महिन्यात दिसून आले. न्यूयॉर्कच्या बँकांनी दारे लावली नाहीत, मात्र रोख पैसे देण्यात त्या हात आखडू लागल्या. चेक घ्या, नोटा मागू नका, असा प्रकार. लगेच रोकडीस बाजारभाव आला. शंभर डॉलरांच्या नोटांसाठी एकशे तीन डॉलरांचा चेक द्यावा लागे, कधी त्याहूनही अधिक. कारखानदाराच्या खात्यात पैसा होता, पण शनिवारचा पगार वाटण्यास नाणे नव्हते. कोठे लहान लहान रकमांचे चेक छापून मजुरांच्या हाती दिले गेले. ते वाण्याने घेतले तर चूल पेटावयाची. कित्येक कारखाने केवळ पगाराच्या रोकडीअभावी बंद राहिले. बँकेचा श्वास वाचला, तो मजुराच्या भाकरीतून.

बँकांनी आपसांत एक तोड काढली होती, तिचा उल्लेख केला पाहिजे. न्यूयॉर्कच्या क्लिअरिंग हाऊसने, म्हणजे बँकांचे रोजचे परस्पर हिशेब मिटविणाऱ्या संस्थेने, जून महिन्यापासून अडचणीतील सभासद बँकांचे चांगले तारण ठेवून घेऊन त्यांस कर्जाची प्रमाणपत्रे दिली. ही प्रमाणपत्रे बँकाबँकांतील देण्याघेण्यात रोकडीऐवजी चालत. त्या वर्षी अशी ४ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक रकमेची प्रमाणपत्रे निघाली. जे काम मध्यवर्ती बँकेने करावयाचे, ते शेजाऱ्यांनी मिळून केले म्हणा ना! परंतु हा शेजारधर्म सभासदांपुरताच होता. डेन्व्हरच्या छोट्या पेढीस त्यातून काय मिळणार?

ह्याच दिवसांतील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अध्यक्ष क्लीव्हलंड ह्यांनी ३० जून रोजी शर्मन कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलाविले, आणि दुसऱ्याच दिवशी ते दिसेनासे झाले. त्यांच्या तोंडात टाळूशी गाठ आली होती. रुग्णालयात गेल्यास बातमी फुटेल, उपाध्यक्ष स्टीव्हन्सन हे चांदीच्या पक्षास अनुकूल समजले जातात, आणि बाजार आणखी घाबरेल, ह्या भीतीने त्यांची शस्त्रक्रिया ‘ओनायडा’ नावाच्या खाजगी नौकेवर, चालत्या बोटीत, गुपचूप उरकण्यात आली. पुढे एका वर्तमानपत्राने ही बातमी छापली, तेव्हा ती खोटी ठरविण्यात आली. शस्त्रक्रियेत हजर असलेल्या डॉक्टर कीन ह्यांनी सन १९१७ मध्ये खरी हकीकत प्रसिद्ध केली. एका मनुष्याचा जबडा हीदेखील त्या काळी देशाची झाकली मूठ झाली होती! ज्या व्यवस्थेत इतके झाकावे लागते, ती किती नाजूक असली पाहिजे, ह्याचा आपणच विचार करावा.

शर्मन कायदा नोव्हेंबरच्या आरंभी रद्द झाला. रोकडीची टंचाई त्याआधीच, सप्टेंबरात ओसरली होती. तथापि मंदी हटली नाही. ती १८९७ पर्यंत रेंगाळली. १८९४ च्या वसंतात जेकब कॉक्सी नावाच्या ओहायोतील गृहस्थाच्या नेतृत्वाखाली बेकारांचा जथा काम मागण्यासाठी पायी वॉशिंग्टनला गेला. तेथे हिरवळीवर पाऊल टाकल्याबद्दल पुढाऱ्यांस अटक झाली.

ह्या अनुभवातून धडा घेण्यास अमेरिकेस फार वर्षे लागली. १९०७ साली पुन्हा तसेच संकट आले, तेव्हा कोठे १९१३ साली फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती व्यवस्था निर्माण झाली. तीही १९३३ साली अपुरी पडली. देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, आणि १ जानेवारी १९३४ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आपणही हा धडा ठेच लागल्यावरच शिकलो. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेवविमा आला. आरंभी त्याची मर्यादा दर ठेवीदारामागे १,५०० रुपये होती. २०२० साली ती ५ लक्ष करण्यात आली.

ह्या दोन उपायांचे मर्म डेन्व्हरच्या त्या रांगेत आहे. मध्यवर्ती बँक चांगल्या बँकेस श्वास घेण्यापुरती रोकड देते. ठेवविमा त्या विधवेस सांगतो, की बाई, बँक चांगली असो वा वाईट, शेजारी रांगेत जावोत वा न जावोत, तुझे दोनशे डॉलर तुला मिळतील. तू पहाटे उठू नकोस. वाईट बँका ह्यामुळे चांगल्या होत नाहीत. त्यांच्यावर देखरेख हवीच. पण चांगल्यांनी वाइटांबरोबर मरू नये, एवढे त्याने साधते. ‘विश्वास ठेवा’ असे नुसते सांगून विश्वास उत्पन्न होत नसतो. घाबरलेल्या मनुष्यास घरी बसणे परवडेल, अशी तजवीज आधी करावी लागते. ती केली, की रांग आपोआप लागत नाही.