रेषेबाहेरची माणसं

‘द डॅम्ड युनायटेड’ (2009) या चित्रपटात डर्बी काउंटीचा मॅनेजर ब्रायन क्लफ लीड्सविरुद्धच्या सामन्याच्या वेळी मैदानावर जातच नाही. प्रेक्षकांच्या स्टँडखाली असलेल्या आपल्या ऑफिसात तो एकटा बसून राहतो. वर हजारो माणसं ओरडताहेत, धुरकट काचेवर त्यांच्या सावल्या उठताहेत, खाली बसताहेत. गोल झाला की हुकला, हे त्याने त्या आवाजावरून ओळखायचं. मायकेल शीनने हा प्रसंग जवळजवळ काही न बोलता केला आहे. क्लफची लीड्समधली 44 दिवसांची नोकरी हा चित्रपटाचा मुख्य विषय, पण माझ्या लक्षात राहिला तो हा प्रसंग. सगळं ज्याने जुळवून आणलं, त्यालाच मैदानात पाऊल टाकता येत नाही. प्रशिक्षक, मॅनेजर आणि एजंट यांच्यावरचे चांगले चित्रपट या घालमेलीचे असतात.

‘मनीबॉल’ (2011) मध्ये तेच दिसतं. बेसबॉलच्या ओकलंड संघाचा व्यवस्थापक बिली बीन (ब्रॅड पिट) आपल्याच संघाचे सामने बघत नाही. आकडेमोड करून, इतरांनी टाकून दिलेले स्वस्तातले खेळाडू घेऊन त्याने संघ बांधलाय. सलग विसाव्या विजयाच्या रात्री तो मुलीच्या आग्रहाने गाडी वळवून स्टेडियमवर येतो आणि 11-0 अशी आघाडी त्याच्या डोळ्यांदेखत 11-11 होते. 4 सप्टेंबर 2002 चा तो सामना खरोखर असाच झाला होता. सामना शेवटी 12-11 असा जिंकून दिला तो स्कॉट हॅटेबर्गने, ज्याला कोपराच्या दुखापतीमुळे कुणी घ्यायला तयार नव्हतं. या चित्रपटात भाषणं जवळपास नाहीतच. फोन आहेत, सौदे आहेत, आणि खेळाडूला ‘तुला काढलंय’ हे दोन वाक्यांत, डोळ्याला डोळा देऊन कसं सांगायचं याचा एक धडा आहे. व्यवसाय म्हणून हे काम इतकं नेमकं फार कमी ठिकाणी दिसतं.

आपल्याकडे प्रशिक्षकाचा लगेच गुरू होतो. ‘चक दे! इंडिया’ (2007) त्यातून बरीचशी वाचते, कारण जयदीप साहनींच्या पटकथेने पुढे प्रशिक्षक होणाऱ्या कबीर खानला (शाहरुख खान) सुरुवातीलाच पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक हुकवायला लावलंय. शेवटचा सामना पुन्हा स्ट्रोकवरच येतो आणि या वेळी तो मारायला किंवा अडवायला कबीर नाही, तो कडेला उभा आहे. शाहरुखच्या भाषणाचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण त्याचं खरं काम त्या भाषणानंतरच्या गप्प राहण्यात आहे. चित्रपटातल्या मुलींना हॉकी शिकवली मीररंजन नेगी यांनी. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पाकिस्तानकडून 1-7 असा पराभव झाला तेव्हा भारताच्या गोलमध्ये तेच होते.

‘दंगल’ (2016) बद्दल मात्र मला तक्रार आहे. महावीर फोगट यांना अंतिम सामन्याच्या वेळी कोंडून ठेवलं जातं आणि राष्ट्रगीत ऐकून त्यांना मुलगी गीता कुस्ती जिंकल्याचं कळतं. दृश्य म्हणून जबरदस्त, पण असं काही घडलं नव्हतं. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीताने तो सामना आरामात जिंकला होता. बाप मोठा दिसावा म्हणून राष्ट्रीय प्रशिक्षकाला खलनायक करावं लागलं. गिरीश कुलकर्णींनी तो उत्तम वठवला आणि त्यामुळेच ते जास्त बोचलं. रोज पहाटे आखाड्यावर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या, पगारी, अनाम प्रशिक्षकांवर हा अन्याय आहे.

हे प्रशिक्षक बहुतेक वेळा कोण असतात? शाळा-कॉलेजातले पी.टी.चे सर. आमच्या शाळेतले सर तालुक्याच्या स्पर्धेला आम्हाला एसटीने न्यायचे. तिकिटांची चळत वहीत टाचणीने लावून ठेवायचे, पण त्यातले बरेचसे पैसे त्यांना कधी परत मिळाले नाहीत. ‘मैदान’ (2024) मधले भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षकच. 1956 ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथं स्थान आणि 1962 ला जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून सुवर्ण. पुढच्याच वर्षी कर्करोगाने ते गेले. चित्रपटातले पत्रकार आणि पदाधिकारी फारच एकसुरी आहेत. शेवटचा सामना मात्र चुकवू नये.

‘झुंड’चे (2022) विजय बोराडे ज्यांच्यावरून घेतले, ते विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटक्या बादलीने फुटबॉल खेळताना त्यांना दिसली होती. नागराज मंजुळेंनी या गोष्टीत पैसा लपवला नाही. बोराडे पोरांना खेळायचे रोज 500 रुपये देतात आणि एक दिवस सांगतात, आज पैसे नाहीत. पोरं थोडी घुटमळतात आणि मग खेळायला लागतात. त्याहून मोठा मला उत्तरार्ध वाटतो. तिथे लढत गोलची नाही, पासपोर्टची आहे. संघातल्या अंकुशवर पोलीस केस, तर रिंकू राजगुरूने साकारलेल्या मुलीच्या बापाला मुलीची ओळख सिद्ध करण्यासाठी कागद गोळा करत वणवण. प्रशिक्षकाचं अर्धं आयुष्य अशाच खिडक्यांपुढे जातं, हे हिंदी पडद्यावर इतकं सविस्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ‘83’ मध्ये (2021) पंकज त्रिपाठींनी साकारलेले मॅनेजर पी. आर. मानसिंग त्याच्या जवळ जातात. प्रशिक्षकच नसलेल्या त्या क्रिकेट संघाची सगळी व्यवस्था त्यांच्या अंगावर होती.

एजंट मात्र आपल्या पडद्यावर जवळपास नाहीच. अमेरिकेत ‘जेरी मॅग्वायर’ (1996) येऊन जमाना झाला. त्यात जखमी खेळाडूचा लहान मुलगा टॉम क्रूझला त्याची लाज काढून दाखवतो आणि तिथून कथा सुरू होते. आपल्याकडेही हा माणूस होता. बंगळुरूचे मार्क मॅस्करेन्हस यांनी 1995 मध्ये वर्ल्डटेल या आपल्या कंपनीतर्फे सचिन तेंडुलकरशी करार केला आणि भारतीय क्रिकेटपटूच्या कमाईचा हिशोबच बदलला. जानेवारी 2002 मध्ये नागपूरजवळ मोटार अपघातात ते गेले. त्यांच्यावर चित्रपट व्हायला हवा. पैशाबद्दल बोलायचा संकोच आपण मोडला, तर तो होईल.

मंजुळेंनी कुस्तीगीर खाशाबा जाधवांवर चित्रपट जाहीर केला आहे. मंजुळेंकडे माझं एक मागणं आहे. त्यात हेलसिंकीच्या मॅटइतकीच जागा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांना द्यावी. 1952 ला खाशाबांना ऑलिम्पिकला धाडायला त्यांनी स्वतःचं घर 7,000 रुपयांना गहाण टाकलं होतं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून सरांचं घर सोडवून दिलं.