उपचारात हयगय झाली, तर भरपाई कुठे मागायची?

धानाची रोवणी लागली की गोंदिया जिल्ह्यात तापाचेही दिवस सुरू होतात. सालेकसा असो की देवरी, माणूस आधी ओळखीच्या डॉक्टरकडे जातो. जुना विश्वास असतो, फी थोडी असते, चिठ्ठी तर कुणी मागतही नाही. मग काही विपरीत घडलं, की नशिबाला दोष देऊन गप्प बसायचं किंवा दवाखान्यावर चालून जायचं, एवढंच सुचतं. दवाखान्याची मोडतोड हा 2010 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीची दुप्पट भरपाई उलट आपल्यालाच द्यावी लागते. कायद्याने दाद मागण्याचीही वाट आहे. पण तिच्याविषयी इतकं चुकीचं कानावर येतं, की खऱ्या पीडितालाही ती आपली वाटत नाही.

“ग्राहक आयोग वस्तूंसाठी असतो, डॉक्टरांवर तिथे तक्रार चालत नाही,” हे अजूनही ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात, हा प्रश्न निकाली काढला. पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा आहे, मग दवाखाना एका खोलीचा का असेना.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर दोषी. तसं नाही. निदान चुकणं किंवा उपचाराला यश न येणं, एवढ्यावर भरपाई मिळत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, हे पाहिलं जातं. आमगावच्या डॉक्टरची तुलना नागपूरच्या तज्ज्ञाशी होत नाही. पण ताप उतरत नसताना मलेरिया, स्क्रब टायफसची तपासणी सांगितली का, आणि आपल्या आवाक्याबाहेर गेल्यावर रुग्णाला वेळेत पुढे पाठवलं का, हे त्यालाही विचारलं जातं.

मुंबईचं पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हे प्रकरण प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावं असं आहे. जुलै 1992 मध्ये तापाच्या एका रुग्णाला डॉक्टरांनी आधी व्हायरल आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली. परिसरात साथ होती, त्यावरून हा अंदाज बांधला. रक्त-लघवीची तपासणी सांगितलीच नाही. प्रकृती ढासळल्यावर रुग्णाला आधी नर्सिंग होममध्ये, मग मोठ्या रुग्णालयात हलवलं, आणि तिथे काही तासांत त्याचा मृत्यू झाला. डॉक्टरांचं शिक्षण आणि नोंदणी होमिओपॅथीची होती. राष्ट्रीय आयोगाने पत्नीची तक्रार फेटाळली. पत्नी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे 1996 मध्ये जिंकली. जी पद्धत आपण शिकलो नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने म्हटलं आणि 3 लाख रुपये भरपाई दिली. त्यानंतर महाराष्ट्रात अन्य पद्धतींच्या काही डॉक्टरांना ठरावीक अटींवर आधुनिक औषधांची मुभा देणारे नियम आले. म्हणून नुसती पाटीवरची पदवी पाहून आरोप करू नये. नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, ते आधी तपासावं.

“दुसरा डॉक्टर विरोधात बोलणार नाही, मग सिद्ध कसं करणार?” ही भीती खरी आहे. तज्ज्ञाचं मत जवळ असेल तर तक्रार भक्कम होते. पण ते प्रत्येक प्रकरणात अनिवार्य नाही, हे 2010 मध्ये व्ही. किशन राव यांच्या खटल्यात ठरलं. तिथे मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते.

सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. मात्र दिवाणी न्यायालय खुलं आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये शस्त्रक्रियेवेळी एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला, त्यात ती गेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. तेहतीस वर्षं लागली, याचा संताप येतो; पण तत्त्व पक्कं झालं.

पोलीस तक्रारीने भरपाई मिळते, हाही भ्रम आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय फार गंभीर असावी लागते, असं 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात म्हटलं आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे मिळवून देऊ शकत नाही.

खर्चाच्या धास्तीने तर कित्येक जण मागे फिरतात. सध्याच्या नियमांत आयोगाची पायरी आणि शुल्क, दोन्ही डॉक्टरला दिलेल्या रकमेवर ठरतात. ती 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि तक्रार गोंदियाच्या जिल्हा आयोगातच दाखल होते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. गावात तडजोडीच्या बैठका घालण्यात ती निघून जाते, आणि अशा बैठकीत “पुढे तक्रार करणार नाही” अशा स्टॅम्प पेपरवर घाईने सही करू नये.

खरी अडचण कागदांची. चिठ्ठी, औषधांची बिलं, तपासणीचे रिपोर्ट, पैसे दिल्याची पावती किंवा मोबाइलवरची नोंद जपून ठेवा. दवाखान्यात भरती केलं असेल तर कागदपत्रांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. त्या 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. उपचारापूर्वी संमतीपत्रावर सही केली होती, म्हणून थांबू नका. ती संमती उपचाराला असते, हयगयीला नसते.

जिल्हा आयोगाचा निकाल विरोधात गेला, तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरातही आहे.