पातेगळ कपाशीची आणि घरधनिणीची

गेल्या श्रावणात नेर तालुक्यातील एका गावी कपाशीच्या पातेगळीवर बोलायला गेलो होतो. आठ दिवस झड लागली होती. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले होते आणि झाडाखाली पात्यांचा, फुलांचा सडा पडत होता. पारावर पंचवीस-तीस मंडळी जमली. मी नेहमीचे सांगितले : चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आला की डवरणी करा, गरज भासली तर एनएए हे संजीवक शिफारशीच्या मात्रेत फवारा. झाड ताणात आले की आपला जीव वाचवण्यासाठी भार कमी करते, म्हणून पाते सोडते, हेही समजावून दिले.

सभा उठली. बाजूला दोन-चार बाया उभ्या होत्या. त्यांतली चाळिशीची एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "भाऊ, पऱ्हाटीची पातेगळ तुमी सांगतली. बाईमाणसाच्या जीवाची पातेगळ होते, त्याले काय फवारावं?"

माणसे हसली. ती हसली नाही. रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, असे तिने सांगितले. पाळीचा मेळ राहिला नव्हता. कधी दोन महिन्यांनी, कधी पंधराच दिवसांत. केस मूठमूठ जात होते. अंग ठणकायचे म्हणून बाजाराच्या दिवशी एकाकडून पुडीतल्या गोळ्या आणायची. गोळी घेतली की दोन दिवस काम होई. चेहरा मात्र गोल, सुजल्यासारखा दिसत होता.

मी शेतीचा पदवीधर, वैद्यकीचा नव्हे. तीस वर्षे गावोगाव बोलत आलो, पण समोर बहुधा पुरुषच बसलेले. त्यामुळे असा प्रश्न मला कधी कोणी विचारलाच नव्हता. त्या दिवशी तिला एवढेच म्हणालो, "ताई, गोळ्यांची पुडी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका." पुढे डॉक्टरमंडळींना विचारून आणि वाचून जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ज्यांच्या गोठ्यात दुभते जनावर आहे, त्यांना ताणाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, नावाने नसले तरी गुणाने ओळखीचे आहे. धार काढताना कुत्रे अंगावर आले किंवा कोणी काठी मारली, तर म्हैस पान्हा चोरते. ती हट्टी झालेली नसते. भीतीने तिच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडते. आपण तिला थोपटतो, आंबोण पुढे करतो, थोडे थांबतो. माणसाच्या अंगातही हीच व्यवस्था आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या लहान ग्रंथी असतात. घाईच्या प्रसंगी त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात, आणि पाठोपाठ सावकाश काम करणारे, पण लांब टिकणारे कॉर्टिसॉल.

कॉर्टिसॉल हे काही विष नव्हे. ते नसते तर आपण सकाळी अंथरुणातून उठलोही नसतो. पहाटेपासून ते वाढत जाते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोचते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. संकट आले की ते रक्तात साखर वाढवते, रक्तदाब धरून ठेवते, आणि पचन, पाळी, झिजेची दुरुस्ती ही कामे मागे ढकलते. रात्री रानडुकरांचा कळप वावरात शिरला, तर हेच हवे. पण डुकरे तासाभरात निघून जातात. उसनवारीचा माणूस, मुलीचे लग्न, नवऱ्याचे गप्प बसणे, ही रोजची असतात. मग मागे ढकललेली कामे मागेच राहतात. झोप तुटते, पाळी बिघडते, पित्त होते, चिडचिड वाढते. त्या बाईने पातेगळ हा शब्द वापरला, तो मला कोणत्याही पुस्तकातल्या शब्दाइतका नेमका वाटतो.

आता तिच्या गोळ्यांकडे येऊ, कारण खरा धोका तिथे होता.

१९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरने सांधेदुखीने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला या ग्रंथींतल्याच एका द्रव्याची, कॉर्टिसोनची, इंजेक्शने दिली. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. त्या शोधाबद्दल १९५० मध्ये हेंच आणि त्यांच्यासोबत केंडल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइड म्हणतात ती हीच औषधे. दमा आणि इतर कित्येक आजारांत डॉक्टरांच्या हातून ती जीव वाचवतात. पण जाणत्याने मोजून द्यावे असे हे औषध बाजाराच्या पुडीत आले की अंगदुखी जादूने थांबल्यासारखी वाटते, भूक लागते, हुशारी येते, आणि माणूस पुन्हा त्याच दारी जातो. महिने लोटले की चेहरा गोल होतो, पोट सुटते आणि हातपाय बारीक पडतात, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, पाळी बिघडते. म्हणजे ही बाई माझ्याकडे ताणाचे संप्रेरक कमी करण्याचा उपाय विचारत होती, आणि त्याच जातीचे संप्रेरक विकत घेऊन पोटात घालत होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बाहेरून आयते मिळू लागले की अंगातल्या ग्रंथी झोपी जातात. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली जाणे, असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. बाजारातल्या बिननावाच्या अंगदुखीच्या पुड्या आपल्या घरात असतील, तर नवीन आणू नका. आणि बरेच दिवस चालू असतील, तर आधी पुडी दवाखान्यात दाखवा, मग बंद करा.

दवाखान्यात तिच्या गोळ्या स्टेरॉइडच्या निघाल्या. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ ग्रॅम. स्त्रीला ते बाराच्या वर हवे. अशक्तपणा, धडधड, केस जाणे या तक्रारींचा अर्धा उलगडा तिथेच झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून सगळे खापर ताणावर फोडण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. पाळी थांबण्याच्या वयातही झोप उडते आणि धडधड होते. कॉर्टिसॉलची तपासणी मात्र ऊठसूट करण्याची नसते. तिची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतात.

कॉर्टिसॉल कमी करणारी म्हणून चूर्णे आणि गोळ्याही हल्ली घरपोच विकल्या जातात. त्यांत अश्वगंधा पुष्कळदा असते. हे पीक मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे घेतात, चांगले पैसे देते, माझा त्याला विरोध नाही. काही लहान चाचण्यांत अश्वगंधेने कॉर्टिसॉल थोडे उतरल्याचे दिसले आहे. पण क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणात ती घेऊ नये, आणि थायरॉइडचे औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. शिवाय पाणी साचलेल्या वावरात नुसता एनएए फवारून भागत नाही. आधी चर काढावा लागतो.

हा चर कुठे काढायचा, ते बाईचा दिवस पाहिल्यावर कळते. वेचणीच्या दिवसांत ती चारला उठते. पाणी, झाडलोट, सडा, चहा, भाकरी, मुलांचे डबे, मग वावर. दुपारी कंबरेला ओटी बांधून उन्हात वाकलेली. घरी येऊन पुन्हा चूल, भांडी, आणि पाठ टेकते ती अकराला. पाच तास झोप, तीही तुटक. रात्री जे संप्रेरक उतरायला हवे, त्याला उतरायला वेळच मिळत नाही. मोठ्या माणसाला सात तास झोप हवी. उरलेले दोन तास कुठून आणायचे? बाईच्या कामातून दोन कामे दुसऱ्या कोणाकडे गेल्याशिवाय ते येत नाहीत. पाणी भरणे आणि सकाळचा चहा ही दोन कामे पुरुषाच्या हाताला काही जड नाहीत. हे मी मोठ्या तोंडाने लिहितो आहे खरा, पण माझ्या घरी मी चहा करायला लागलो ते पन्नाशीनंतर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकणारी माणसे आपण. सणादिवशी बैलाला जू लावत नाही. त्याच दिवशी घरची बाई पुरणाच्या चुलीपुढे पहाटेपासून असते.

खाण्याचेही तसेच. सगळ्यांचे झाल्यावर, उरेल ते, असा तिचा क्रम. उपाशीपोटी दोन-तीन चहांवर अकरा वाजवणे तिने सोडावे. सकाळी चहाबरोबर मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे-गूळ खाल्ला तरी चालेल. जेवणात डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी, आणि वर लिंबू पिळावे म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा नको. तो लोह अडवतो. पण आठ ग्रॅमचे हिमोग्लोबिन नुसत्या भाजीने भरून निघत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्याच लागतात.

एवढे करूनही तिची दोनची जाग सुटत नव्हती. दिवाळीच्या सुमारास तिचा नवरा फवारणीचे विचारायला कार्यालयात आला, तेव्हा बोलता बोलता कारण बाहेर आले. कर्ज किती आणि कोणाचे, हे त्याने घरात सांगितलेच नव्हते. "तिले कायले त्रास द्यायचा, भाऊ," असे त्याचे म्हणणे. त्याची माया खोटी नव्हती. पण बाईला अर्धेमुर्धे कानावर येतच होते, आणि दारात मोटारसायकल थांबली की तिच्या पोटात गोळा उठत होता.

त्याला मी उंदरांची गोष्ट सांगितली. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जे वाइस या शास्त्रज्ञाने उंदरांना विजेचे सौम्य झटके दिले. काहींना झटक्याआधी इशारा मिळे, काहींना नाही. झटके दोघांनाही सारखेच. पण इशारा न मिळणाऱ्या उंदरांच्या पोटात जखमा कितीतरी जास्त झाल्या. इशारा मिळणाऱ्याला निदान मधला वेळ तरी निवांत मिळतो. दुसऱ्याला सगळा वेळ धास्तीचाच.

त्या रात्री नवराबायको मुलाची वही घेऊन बसले. बँक, कृषी केंद्राची उधारी, गटाचा हप्ता, पाहुण्याकडून घेतलेले उसने, सगळे लिहून काढले. आकडा तिच्या मनातल्या आकड्यापेक्षा मोठाच निघाला. तरी ती त्या रात्री पाचपर्यंत झोपली, असे तो नंतर म्हणाला. एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, पण वही त्यांनी चालू ठेवली आहे.

मन मोकळे करायला जागा हवी, हेही तितकेच खरे. जाते गेले हे फार चांगले झाले; पण जात्यावर बसून दोघी जे बोलत आणि गात, ती बैठकही त्याबरोबर गेली. बचत गटाच्या सभेत हप्त्याखेरीज विषय नसतो. आपल्या नेरवरून जी सडक जाते, त्या अमरावतीच्या जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजारांविषयी बोलायचे, धीर द्यायचा, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवायचे. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चारच जण मदत घेत होते. दीड वर्षाने सत्तावीस घेऊ लागले. म्हणजे माणसे बोलायला तयार असतात, विचारणारे कोणी नसते. आपल्या आशाताईंशी बोलावे. दोन आठवड्यांहून अधिक दिवस कशातच मन लागत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर दवाखाना गाठावा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

जानेवारीत फरदड ठेवू नका हे सांगायला त्याच गावी गेलो होतो. बोंडअळीची साखळी तोडायची तर पऱ्हाटी वेळेवर उपटावीच लागते. ही बाई वावरात पऱ्हाटीच उपटत होती. चेहऱ्याची सूज उतरली आहे, गोळीची मात्रा निम्म्यावर आली आहे, हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेले आहे. पाळी अजून मार्गावर यायची आहे. पाणी आता थोरला मुलगा भरतो, त्यामुळे ती पाचला उठते. मी निघालो तेव्हा ती बांधावर भाकर सोडायला बसली होती. दुपारचे दोन वाजून गेले होते.