देणगीचं संशोधन कसं चालतं?

देणगी का दिली, असं थेट विचारलं की उत्तर चांगलं मिळतं. खरं मिळेलच असं नाही. म्हणून या विषयात प्राध्यापक-संशोधक व्हायचं असेल, तर आपल्याला विचारण्यापेक्षा मोजायला शिकावं लागतं.

आधी शिक्षण. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात दानधर्माच्या अभ्यासासाठी वेगळं स्कूल आहे, तिथे या विषयात पीएच.डी. करता येते. पुष्कळ जण मात्र अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्राकडून इकडे वळतात. संख्याशास्त्र कुणालाच चुकत नाही.

मग प्रश्न. 'लोक दान का करतात?' एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी नेमकं विचारलं: जोडदेणगी, म्हणजे आपण द्याल तेवढी रक्कम दुसरा दाताही घालणार, असं पत्रात लिहिलं तर फरक पडतो का? तो दुप्पट, तिप्पट घालणार असेल तर?

आता संस्था हवी. इथेच बरेच प्रकल्प अडतात. देणगीदारांची यादी म्हणजे संस्थेचं पोट; ती अनोळखी माणसाच्या हाती कोण देईल? ओळख वाढवायला वेळ द्या. आणि जोडदेणगीचा दाता खरोखर असला पाहिजे, पत्रापुरता नव्हे.

यादी मिळाली की यादृच्छिक वाटणी, म्हणजे कुणाला कोणतं पत्र जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं. एवढ्यात कार्यालयातून कुणीतरी म्हणतं, "हे आपले जुने देणगीदार, यांना चांगलंच पत्र जाऊ द्या." चार नावं इकडची तिकडे झाली की तुलनेत खोट आली. वाटणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी.

दुसरी चूक आकड्यांची. कार्लन-लिस्ट यांच्या प्रयोगात 50,000 हून अधिक पत्रं गेली. साध्या पत्राला 1.8 टक्के लोकांनी देणगी दिली, जोडदेणगीच्या पत्राला 2.2 टक्के. हाच प्रयोग आपण पाचशे-पाचशेच्या दोन गटांवर केला, तर देणगीदार निघतील साधारण 9 आणि 11. दोन माणसांच्या फरकावरून काय सांगणार? मूळ प्रयोगात दुप्पट-तिप्पटीच्या आश्वासनाने मात्र देणगी आणखी वाढली नाही. त्यावरचा निबंध 2007 मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला.

नियतकालिकात निबंध छापून यायला वर्षं जातात. नोकरी, बढती त्यावरच. संस्थेला मात्र पुढचं आवाहन लवकरच लिहायचं असतं. तिला निष्कर्ष दोन पानांत, साध्या भाषेत, आधीच देऊन टाका. पुढच्या प्रयोगाला यादी तिच्याकडूनच मागायची आहे.