अडगळ आणि सन्तुट्ठी

वैशाख सरत आला की मुरबाड तालुक्यात घरोघरी आगोटीची धावपळ सुरू होते. छप्पर शाकारले जाते, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, भाताचे बियाणे निवडले जाते. माळ्यावरची अडगळ मात्र वर्षानुवर्षे जागची हलत नाही. मोडका नांगर, बूड गळणारी घागर, आहेरात आलेली व कधीच न नेसलेली लुगडी, बंद पडलेला पंखा हे सारे 'केव्हातरी उपयोगी पडेल' या एका वाक्याच्या आधारावर तेथे राहते. या अडगळीचा विचार बौद्ध गृहस्थाने धम्माच्या दृष्टीने कसा करावा, हे येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

अडगळ निरुपद्रवी नसते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखात चार महिने कोसळणाऱ्या पावसात साठविलेल्या वस्तूंना ओल, बुरशी व वाळवी लागते. ढिगाऱ्यात उंदीर राहतात आणि उंदरांमागे सर्प घरात येतो. मण्यार तर रात्री फिरणारा. जमिनीवर निजलेल्या माणसास त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. याखेरीज रोजची शोधाशोध, चिडचिड आणि कलह आहेतच. या पसाऱ्याचे ओझे बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्यास येते, ही गोष्टही विसरता कामा नये.

तथापि 'टाकून द्या' असा सरसकट उपदेश आमच्या समाजास करता येणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळादिकांनी प्रेताची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, तो हाच. ज्यांच्या पूर्वजांना धड भांडे बाळगण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरातील मांडणीवरची चकचकीत पितळी भांडी म्हणजे निव्वळ लोभ नव्हे; ती स्वाभिमानाची खूण आहे. तथागतांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, धन धर्माने मिळवावे व नियमाने वापरावे एवढेच सांगितले, असे बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे. म्हणून वस्तू किती आहेत, यापेक्षा ती कशासाठी आहे, हा प्रश्न महत्त्वाचा होय.

अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तात दीघजाणु हा कोलीय गृहस्थ तथागतांकडे येतो. आपण मुलाबाळांत राहणारे, चंदन-माळा व सोनेरुपे वापरणारे लोक आहोत, असे तो मोकळेपणाने सांगतो. तथागत त्यास घर सोडावयास सांगत नाहीत. उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता या चार गोष्टी ते सांगतात. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय व व्यय यांचा तोल ओळखून जगणे. उधळपट्टी जशी तेथे दोष ठरते, तसेच मिळकत असून हलाखीत जगणेही दोषच ठरते. त्याच निकायात अन्यत्र कुळे का टिकत नाहीत हे सांगताना, हरवलेले न शोधणे व जीर्ण झालेले दुरुस्त न करणे ही दोन कारणे दिली आहेत.

याचे उत्तम उदाहरण विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदास पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार की काय, अशी राजास शंका आली. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी होतील. शेवटी फडकी कुटून चिखलात कालवून त्यांनी जमीन लिंपली जाईल. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आमच्या आजीला ही रीत ठाऊक होती. वस्तू टाकली जात नव्हती आणि पडूनही राहत नव्हती. ती पुढे सरकत होती. 'केव्हातरी'च्या नावाखाली तिला अडवून ठेवणे म्हणजेच अडगळ.

तेव्हा आगोटीच्या वेळी प्रत्येक वस्तू हाती घेऊन तीन प्रश्न विचारावेत. ही कशासाठी आहे? दुरुस्त होईल का, आणि ते काम या आठवड्यात कोण करील? आपल्याहून कोणास हिची अधिक गरज आहे? तिन्हींस उत्तर नसेल, तर ती भंगारात द्यावी. देताना मात्र धडके, धुतलेले व वापरता येईल असेच द्यावे. दुसऱ्यांचे फाटके अंगावर घेण्याचे दुःख आमच्या वाडवडिलांनी सोसले आहे; फाटके देऊन त्यास दान म्हणणे आम्हास शोभणार नाही.

एका बाबतीत घाई करू नये. ट्रंकेच्या तळाशी असलेली जुनी कागदपत्रे वाचल्यावाचून टाकू नयेत. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी त्या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला; त्याचा लाभ घ्यावयाचा तर आजोबांचा शाळा सोडल्याचा पिवळा पडलेला दाखला नातीच्या शिक्षणाचा आधार ठरू शकतो. असे कागद ओल न लागणाऱ्या डब्यात वेगळे ठेवावेत. व्यग्घपज्ज सुत्तातील रक्षणाचा उपदेश येथेच लागू पडतो. धनाचा नाश करणाऱ्यांत तेथे अग्नी व पूर यांचीही गणना आहे.

सन्तुट्ठी म्हणजे रिकामे घर नव्हे. घरात काय आहे व ते कशासाठी आहे, हे ज्यास ठाऊक आहे, त्याचे चित्त स्वस्थ राहते. आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होईल, तेव्हा माळा मोकळा असावा, कागद कोरडे असावेत आणि मुलास दिव्याखाली पुस्तक उघडण्यापुरती जागा असावी. आगोटीचे एवढे काम साधले, तरी घरातील धम्माचरणास चांगला आरंभ झाला, असे आम्ही समजतो.